गिझर नवा घेता, मग नळी जुनी का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी उलटली की आपल्याकडच्या तालुक्याच्या बाजारांत गिझरची खरेदी सुरू होते. जुन्याची टाकी गळायला लागलेली असते, नवा खोक्यातून निघतो आणि घरधनी म्हणतो, "भाऊ, नळ्या अन् कॉक चांगले आहेत, तेच लावून द्या." हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे.

जुनं सगळं भंगारात घाला, असं आमचं म्हणणं नाही. खेड्यात प्रत्येक रुपयाला किंमत आहे आणि चांगल्या पितळी मालाला तीस वर्षं काही होत नाही. पण ठेवायचं काय आणि टाकायचं काय, याची वाटणी आपल्याकडे नेमकी उलटी होते. चकाकी गेली म्हणून वजनदार पितळी अँगल कॉक (भिंतीतून पाणी सोडणारा-बंद करणारा) भंगारात जातो आणि वरची जाळी चमकते म्हणून आतून तडकलेली लवचीक नळी पुन्हा नव्या गिझरला लागते.

आधी या नळीचंच बघू. गिझरपासून भिंतीतल्या कॉकपर्यंत जाणारी, तारेच्या जाळीची, दोन्ही टोकांना अर्ध्या इंचाचा नट असलेली ही कनेक्शन नळी. जाळी फक्त दाब सोसते. पाणी धरून ठेवते ती आतली रबरी नळी, आणि ती बाहेरून दिसत नाही. आपल्याकडे गिझर चालतो दिवाळीपासून होळीपर्यंत. उरलेले आठ महिने तो बंद, आणि त्यात उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत जातो. चार महिने आतून गरम पाणी, आठ महिने कोरडी धग, या पाळीने रबर कडक होतं आणि नटाजवळच्या वळणावर त्याला बारीक चिरा जातात. नळी जागच्या जागी असते तोवर ती तग धरते. गिझर बदलताना तिला हलवलं, वाकवलं, पुन्हा आवळलं की चीर उघडते. ती लगेच गळत नाही हीच अडचण आहे. चार-आठ दिवसांनी, घरचे वावरात गेलेले असताना नळी फुटते आणि छतावरची ५०० किंवा १००० लिटरची टाकी घरात रिकामी होते.

विदर्भातल्या पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात (जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात), म्हणजे दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर या भागात, जाळीलाही धोका आहे. बोअरच्या पाण्यातला क्षार गरम स्टीलला खातो. नटाजवळ तपकिरी ठिपके दिसले किंवा जाळीची एखादी तार तुटून बोटाला टोचली, तर ती नळी संपली असं समजावं. काही गावांत पिण्याला योजनेचं गोडं पाणी येतं, पण न्हाणीत बोअरचंच चालतं. गिझरच्या नशिबी ते खारं बोअरचं पाणी आहे, हे विसरून चालत नाही.

नवी नळी घेताना आधी अंतर मोजा. बाजारात १८ आणि २४ इंची सहज मिळतात. नळी ताणलेली नको, पिळलेली नको आणि तिला एकदम काटकोनात वळण नको. थोडी सैल झोळ बसेल एवढी लांबी घ्या. नट पितळी आहे का बघा. हातात हलके लागणारे, पांढऱ्या धातूचे नट दोन हंगामांत तडकतात. एक गरम आणि एक थंड अशा दोन्ही नळ्या एकदमच बदला. थंड बाजूची "चांगली आहे" म्हणून राहते आणि पुढच्या थंडीत तीच फुटते.

नटातला वायसर तर कधीच परत वापरू नये. तो एकदा दाबून चपटा झाला की पुन्हा फुगत नाही. मग गळती थांबवायला माणूस पान्याने आवळत जातो, वायसर कापला जातो आणि गळती वाढते. यावर आपल्याकडचा उपाय म्हणजे नटाखाली टेफलॉन टेप गुंडाळणं. तो चुकीचा आहे. जिथे वायसर आहे तिथे पाणी वायसर अडवतो, आटे नाही. टेप मध्ये आली की नट तिरपा बसतो. टेप लागते ती निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला छोटा तुकडा), एल्बो (काटकोनी जोड), कॉक यांच्या आट्यांना. नवा वायसर घालून नट हाताने पूर्ण फिरवा, मग पान्याने पाव ते अर्धा फेरा. एवढं पुरतं. गिझरची तोंडं आतल्या टाकीला वेल्डिंग केलेली असतात. जोर लावून आवळलं तर नव्याकोऱ्या टाकीचा सांधा पहिल्याच दिवशी हलतो.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग: गिझरच्या थंड पाण्याच्या तोंडावर बसणारा पितळी वॉल्व्ह. कंपन्यांच्या कागदावर त्याला मल्टी फंक्शन वॉल्व्ह म्हणतात, दुकानात एमएफव्ही. नव्या साठवण गिझरच्या खोक्यात तो बहुधा असतोच. तरी जुना आधीच बसवलेला आहे म्हणून नवा पिशवीत ठेवला जातो किंवा दुकानातच विसरला जातो. हे कदापि करू नये.

हा वॉल्व्ह दोन मोठी कामं करतो. एक, गिझरच्या टाकीतलं पाणी मागे वाहू देत नाही. छतावरची टाकी रिकामी झाली किंवा वरची लाइन उघडली, तर गिझरमधलं पाणी उलटं उतरून जाऊ शकतं आणि बटण चालू असेल तर कोरडी कॉइल जळते. दुसरं काम त्याहून मोठं. पाणी तापलं की फुगतं. पंचवीस अंशांचं पाणी पंचाहत्तरला नेलं तर ते सुमारे सव्वादोन टक्के वाढतं. म्हणजे २५ लिटरच्या टाकीत अर्ध्या लिटरहून थोडं जास्त, १५ लिटरच्या टाकीत साधारण एक तृतीयांश लिटर. पाणी मागे जाऊ शकत नाही, नळ बंद आहे, मग दाब चढतो. ठरलेल्या मर्यादेला वॉल्व्हची स्प्रिंग उघडते आणि वाढलेलं पाणी थेंबाथेंबाने बाहेर पडतं.

हेच थेंब लोकांना खटकतात. "नवीन गिझर ठिबकतो" म्हणून तक्रार येते आणि कुणीतरी वॉल्व्हचं तोंड एम-सील किंवा खुंटी लावून बंद करून देतो. वाचकांना हात जोडून विनंती आहे, असं कुणी केलं असेल तर आजच गिझरचं बटण बंद करा आणि नवा वॉल्व्ह लागल्याशिवाय लावू नका. तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट चिकटला आणि त्याच वेळी जास्त तापल्यावर वीज तोडणारा कटआउटही चालला नाही, तर त्या टाकीत दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या पुढे तापत राहतं. टाकी फाटली की त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सोळाशे पटींच्या आसपास जागा मागते. न्हाणीची भिंत तिला अडवू शकत नाही.

जुना वॉल्व्ह का चालत नाही, तर तो आतून दगड झालेला असतो. ज्या घरात स्टीलच्या पातेल्यात पांढरी खपली धरते, त्या घरच्या वॉल्व्हच्या स्प्रिंगवरही तीच खपली असते. बाहेरून पितळ ठणठणीत दिसतं, पण स्प्रिंग उघडत नाही. शिवाय वॉल्व्ह टाकीच्या दाबमर्यादेप्रमाणे येतो. जुना गिझर वेगळ्या मर्यादेचा असेल तर त्याचा वॉल्व्ह नव्याला जुळत नाही. गिझरच्या पाटीवर आकडा छापलेला असतो, बहुतेकदा ६.५ किंवा ८ बार (बार हे दाबाचं माप). पाटी वाचून मगच वॉल्व्ह घ्या. बसवताना बाण टाकीकडे, वॉल्व्ह आणि टाकी यांच्या मध्ये कोणताही कॉक नाही, आणि ठिबकण्याचं तोंड खाली. त्याला बोटभर जाडीची उघडी नळी लावून ती मोरीपर्यंत सोडा, म्हणजे थेंब अंगावर येत नाहीत आणि बंद करण्याचा मोहही होत नाही.

गिझर तापताना थेंब पडले तर ते बरोबर आहे. बटण बंद असतानाही दिवसभर पडत राहिले तर दोनपैकी एक कारण असतं. छताच्या टाकीवर चालणाऱ्या घरात दाब फारच कमी असतो. दहा मीटर उंचीला एक बार, म्हणजे गिझरच्या चार मीटर वर टाकी असेल तर जेमतेम ०.४ बार. तिथे दाबाचा प्रश्नच नाही, वॉल्व्हच्या बैठकीत खडा किंवा खपली अडकलेली असते. वॉल्व्हवरचा खटका दोन-तीनदा उचलून पाण्याचा झोत जाऊ दिला की बहुधा ती निघते. दुसरं कारण खेड्यात बरंच दिसतं: बोअरच्या मोटरीचं पाणी टाकीत न नेता सरळ घराच्या लाइनला जोडलेलं. नळ बंद असताना सबमर्सिबल मोटर इतका दाब देऊ शकते की तो घरच्या फिटिंगला सोसत नाही. अशा लाइनवर गिझर बसवूच नये. आधी पाणी टाकीत घ्या, मग खाली सोडा.

इतकं सांगितल्यावर, काय ठेवावं तेही सांगतो. पितळी अँगल कॉक, पितळी निपल, वॉल मिक्सर (गरम-थंड पाणी मिसळणारा नळ) हे सगळं तपासून परत वापरता येतं. तपासणी सोपी आहे. आट्यावर पान्याच्या टोकाने ओरखडा काढा. खाली पिवळं चकचकीत निघालं तर माल चांगला. लालसर, गुलाबी, भुसभुशीत निघालं तर खाऱ्या पाण्याने पितळातलं जस्त खाऊन टाकलं आहे. तो तुकडा आज बसेल, पण आवळताना किंवा पहिल्या गरम पाण्यात तुटेल. राखाडी-पांढरं निघालं तर ते मुळात पितळच नव्हतं. कॉक पूर्ण बंद करून पाणी थेंबभरही येत नसेल आणि मुठीशी झिरपत नसेल, तर चकाकीकडे पाहू नका.

खपली काढायला अ‍ॅसिड ओतू नका, त्याने पितळ आणि मुलामा दोन्ही जातात. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून त्यात कॉक दोन तास बुडवा, मग जुन्या दातब्रशने घासून धुवा. आट्यातली जुनी टेप, सुतळी, सफेदा तारेच्या ब्रशने पूर्ण काढा. जुन्या टेपवर नवी टेप धरत नाही. नवी टेप आट्याचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ताणून, दहा-बारा वेढे, आणि पहिला आटा मोकळा ठेवून.

काढताना मात्र घाई करू नका. भिंतीतल्या कॉकवरून नळीचा नट सोडवताना एक पाना कॉकच्या अंगाला आणि दुसरा नटाला, असे दोन पाने लागतात. एकाच पान्याने जोर लावला की नटाबरोबर भिंतीतला निपल फिरतो आणि आतल्या एल्बोतला पितळी आट्याचा तुकडा निखळतो. मग टाइल्स फोडाव्या लागतात. शंभर रुपये वाचवायला जाऊन भिंत फोडण्याचं काम असं निघतं.

भिंतीतली लाइन ठेवायची की बदलायची, हे पाइपावर आहे. गरम पाण्याला पिवळसर सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप) असेल आणि गळत नसेल तर ठेवा. पांढरा यूपीव्हीसी असेल तर ठेवू नका. तो थंड पाण्याचा पाइप आहे, साठ अंशांच्या पुढे नरम पडतो. तीन लिटरच्या छोट्या इन्स्टंट गिझरवर तो कसाबसा निभावतो, कारण गरम पाणी थोडा वेळच वाहतं. त्याच लाइनला २५ लिटरचा गिझर लावला की पाइप लोंबतो आणि सांधे सुटतात. दोन पाइप एकमेकांना चिकटवून जोडू नका. सीपीव्हीसी चिकटवायचं सोल्युशन वेगळं असतं. जोड द्यायचा तर पितळी आट्याच्या फिटिंगने द्या, आणि चिकटवल्यावर थंडीच्या दिवसांत पूर्ण एक दिवस गरम पाणी सोडू नका.

जुनी जीआय (लोखंडी पाइपाची) लाइन असेल तर एक गोष्ट मिस्त्रीही विसरतात. लोखंडी पाइप जमिनीत गेलेला असतो, म्हणून कित्येक घरांत गिझरचं अर्थिंग नकळत त्या पाइपातूनच होत आलेलं असतं. पाइप गंजला, म्हणून प्लास्टिकची लाइन टाकली की ते अर्थिंग तुटतं. गिझरचा प्लग तोच, बोर्ड तोच, पण आता कॉइलमधून गळणारी वीज पाण्यातून माणसापर्यंत येऊ शकते. आपल्या काळ्या मातीत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात भेगाळून कोरडा पडतो, मग तर विचारूच नका. पाइप बदलला की अर्थिंगची तार बोर्डापासून खड्ड्यापर्यंत जाते का, हे वायरमनकडून तपासून घ्या, खड्ड्यात पाणी घाला आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. गिझरच्या कामातला हा एक खर्च आम्ही कुणालाही टाळू देत नाही.

बाकी विजेचं थोडक्यात. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपिअर घेतो. त्याला १६ अँपिअरचं सॉकेट, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) हवा. जुन्या सॉकेटचं भोक तपकिरी झालं असेल किंवा प्लग सैल बसत असेल, तर सॉकेट बदला. नव्या गिझरचा प्लग कापून छोट्या बोर्डाला लावणं म्हणजे आगीला बोलावणं.

भिंतीतले जुने अँकर बोल्टही पुन्हा वापरू नयेत. एकदा सैल झालेली कवची परत भिंतीला पकडत नाही, आणि पाणी भरलेला २५ लिटरचा गिझर ३५ किलोच्या वर जातो. कच्च्या विटांची किंवा मातीच्या सांध्यांची भिंत असेल तर आरपार बोल्ट टाकून मागून लोखंडी पट्टी लावा.

गॅस गिझरवाल्यांना एवढंच: रबरी गॅस नळी पाच वर्षांनी बदलावी लागते, गिझर बदलताना ती जुनी ठेवू नका. आणि बंद न्हाणीत गॅस गिझर लावूच नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस आतच बेशुद्ध पडतो.

जुन्या गिझरमधली मॅग्नेशियमची कांडी, म्हणजे अ‍ॅनोड, काढून नव्यात घालावी का, असंही विचारतात. नाही. ती झिजण्यासाठीच असते आणि तिचे आटे जुळतीलच असं नाही. खारपाणपट्ट्यात ती लवकर संपते, म्हणून दर हंगामाआधी उघडून बघा. पेन्सिलीएवढी बारीक झाली असेल तर बदला, आणि झाकण उघडलं की त्याचा गॅस्केटही नवाच घाला.

आपलं पाणी किती कठीण आहे हे अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना तपासून मिळतो, आणि गावच्या जलसुरक्षकालाही विचारता येतं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याच्या कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० आहे. तुमचा आकडा ६०० च्या पुढे असेल तर थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांवरच ठेवा. पाणी जितकं जास्त तापवाल, तितकी खपली जास्त बसते.

दुकानदारांना आणि कंपन्यांना आपल्या पत्रातून विनंती आहे. गिझर विकताना दोन नळ्या, चार वायसर आणि वॉल्व्ह गिऱ्हाइकाच्या हातात मोजून द्या आणि बिलावर लिहा. बसवण्याची माहिती मराठीत छापा, अक्षर वाचता येईल एवढं मोठं ठेवा. "वॉल्व्हमधून थेंब पडणे योग्य आहे, तोंड बंद करू नका" हे एक वाक्य गिझरच्या अंगावर चिकटवलं, तरी निम्मी चुकीची दुरुस्ती थांबेल. तालुक्याच्या आयटीआयमध्ये प्लंबिंग आणि वायरमन या दोन्ही वर्गांना गिझरची जोडणी एकत्र शिकवावी, कारण घरात ती दोन कामं वेगळी राहत नाहीत.

काम झाल्यावर मिस्त्रीला लगेच जाऊ देऊ नका. बटण बंदच ठेवून थंडाचा कॉक उघडा, गरम पाण्याचा नळ सोडा आणि फुरफुर थांबून सलग धार येईपर्यंत थांबा. तोवर वीज लावायची नाही. मग नळ बंद करून प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून बघा. त्यानंतर वीज लावा. १५ लिटरला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पाणी तापल्यावर पुन्हा कागद लावा, कारण थंड असताना कोरडा असलेला सांधा गरम झाल्यावर झिरपू शकतो. गरम पाणी दोन-तीन तांब्यांतच संपत असेल तर निळ्या (थंड) आणि लाल (गरम) तोंडाच्या नळ्या उलट्या लागल्या आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्यांदा कागद लावा. होळीनंतर गिझर बंद कराल तेव्हा एमसीबी पाडा, थंडाचा कॉक बंद करा, गरमाचा नळ हवेसाठी उघडा ठेवा आणि वॉल्व्हचा खटका उचलून टाकी रिकामी करा. तळाचा पांढरा गाळ पाण्याबरोबर बाहेर येईल.

आपले,
नळजोडणी व वीजजोडणीची कामे करणारे कारागीर,
दर्यापूर–मूर्तिजापूर परिसर